शालेय चित्रकला आणि ‘आपले’ रूप : मुंबई इलाख्यातील एका प्रश्नाचा इतिहास

१

शालेय शिक्षणाच्या इतिहासात भाषा व इतिहास ह्या विषयांच्या पाठ्यपुस्तकांची जेवढी छाननी आपल्याकडे झाली आहे, तिच्या मानाने चित्रकलेच्या तासाकडे अभ्यासकांचे लक्ष फारच थोडे गेले आहे. इतिहासाच्या पुस्तकात कोणाचे नाव आले आणि कोणाचे गाळले गेले ह्यावर वादंग माजतात. परंतु चित्रकलेच्या तासाला मेजावर कोणती वस्तू मांडली जाते, नक्षीसाठी कोणते फूल घेतले जाते आणि ‘सणाचे चित्र काढा’ असे सांगितल्यावर कोणता सण अभिप्रेत असतो, हे प्रश्न कोणी फारसे विचारलेले नाहीत. चित्रकला हा हाताचा विषय, त्यात मताचा प्रश्न येतोच कोठे, अशी ह्यामागील समजूत असावी. ही समजूत कशी निर्माण झाली हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आणि पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलाशिक्षणाचा विचार करताना मुलाची सांस्कृतिक ओळख आणि देशातील संस्कृतींची विविधता ह्यांवर भर दिला आहे. स्थानिक कलावंत व कारागीर ह्यांना शाळेत शिकवण्यासाठी बोलवावे असेही धोरणात सुचवलेले आहे. हा विचार स्वागतार्ह आहे ह्यात शंका नाही. मात्र त्याची मांडणी अशा थाटात केली जाते, की जणू काही ह्यापूर्वीच्या शालेय चित्रकलेत ‘ओळखी’चा प्रश्न नव्हताच आणि तो आता प्रथमच उपस्थित होत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई इलाख्यात चित्रकला शाळेत आली ती ह्या प्रश्नाचे एक विशिष्ट उत्तर घेऊनच आली. नंतर उत्तरे बदलत गेली, पण ज्याच्याविषयी ती दिली जात होती त्या मुलाला विचारण्याचा प्रसंग क्वचितच आला.

२

इंग्लंडमध्ये १८५१ च्या महाप्रदर्शनात एक गोष्ट तेथील जाणकारांना बोचली. यंत्रावर तयार झालेला इंग्रजी माल नक्षीच्या दृष्टीने ओबडधोबड दिसत होता, आणि हातमागावर विणलेले हिंदी कापड, बिदरी काम व गालिचे ह्यांची शोभा मात्र सर्वांच्या डोळ्यांत भरत होती. ह्या अनुभवातून १८५२ मध्ये हेन्री कोल ह्यांच्या नेतृत्वाखाली व्यावहारिक कलेचे एक सरकारी खाते निघाले, आणि १८५७ मध्ये ते साउथ केन्सिंग्टन येथे स्थिरावले. ह्या खात्याने चित्रकलेच्या शिक्षणाच्या तेवीस पायऱ्या ठरवल्या. आरंभी उपकरणांच्या साहाय्याने भौमितिक रेखाटन, मग छापील नमुन्यांवरून मुक्तहस्त रेखाटन, मग प्लास्टरच्या प्रतिकृती, आणि अशा क्रमाने फार पुढे गेल्यावर कोठे स्वतंत्र रचना, अशी ती योजना होती. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवणाऱ्या मुलाने स्वतःच्या मनातले काही काढावे अशी अपेक्षा तीत नव्हती.

ह्या योजनेचे तत्त्वज्ञान ओवेन जोन्स ह्यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अलंकरणविषयक ग्रंथात सदतीस सूत्रांच्या रूपाने मांडले. नक्षी ही निसर्गाची नक्कल नसावी, तिचा पाया भौमितिक असावा, फूल काढावयाचे तर ते सपाट आणि आलंकारिक करून काढावे, असा त्याचा आशय. जोन्स ह्यांना ह्या तत्त्वांची उत्तम उदाहरणे हिंदी कापडावर सापडली होती. ह्या पंथाच्या अतिरेकाची थट्टा इंग्लंडमध्येच झाली. डिकन्सच्या १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’ ह्या कादंबरीत एक सरकारी गृहस्थ वर्गात येऊन, भिंतीच्या कागदावर घोडे आणि गालिच्यावर फुले का असू नयेत ह्याविषयी मुलांना दटावतो, तो प्रसंग कोल ह्यांनाच उद्देशून आहे असे मानले जाते.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली ती १८५७ सालीच. १८६५ मध्ये तेथे जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे शिक्षक म्हणून आले. दोघांची घडण साउथ केन्सिंग्टनच्या वातावरणात झालेली होती. किपलिंग ह्यांना हिंदी कारागिराविषयी खरी आस्था होती. सुतार, विणकर, तांबट ह्यांची त्यांनी केलेली रेखाटने आजही पाहण्याजोगी आहेत. ग्रिफिथ्स ह्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. म्हणजे ‘इंग्रजांनी येथील कलेकडे पाठ फिरवली’ हे आपल्याकडे वारंवार केले जाणारे विधान निदान मुंबईपुरते फार ढोबळ आहे. त्यांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी नक्षी घेतली, तिचे वर्गीकरण केले, ती साच्यात बसवली आणि तिला क्रमांक दिला. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटवरील व व्हिक्टोरिया टर्मिनसवरील शिल्पकामात ही दृष्टी दगडात उतरलेली दिसते. राहून गेले ते इतकेच, की ती नक्षी कोणाच्या घरात, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या हातून उमटत होती ह्याची नोंद अभ्यासक्रमात कोठेही झाली नाही.

शालेय चित्रकलेवर ह्याचा परिणाम फार दूरवर झाला. कलाशाळेत १८७९ पासून रेखाटनाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले आणि १८९३ मध्ये चित्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. येथून पुढे इलाख्यातील इंग्रजी शाळांत जो ‘ड्रॉइंगमास्तर’ दिसू लागला तो ह्याच मुशीतून बाहेर पडलेला होता. त्याच्या हाती एक श्रेणीबद्ध परीक्षापद्धती आली, आणि आपल्या सर्वांच्या परिचयाच्या ‘एलिमेंटरी’ व ‘इंटरमिजिएट’ ह्या परीक्षा तिच्याच वंशातील. आज ह्या परीक्षांतील संकल्पचित्राच्या प्रश्नपत्रिकेत मुलाला एखादा भौमितिक आकार देऊन त्यात नक्षी भरावयास सांगतात. पाने, फुले, पक्षी हे घटक सपाट करून, रेखीव वळणाने, समतोल राखून मांडावयाचे असतात. जोन्स ह्यांची सूत्रे ज्याने कधी पाहिली नाहीत असा शिक्षकही त्या सूत्रांप्रमाणेच गुण देत असतो.

३

येथपर्यंतच्या विवेचनावरून ही परीक्षापद्धती केवळ परकी व म्हणून त्याज्य होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. चित्रकलेची प्रश्नपत्रिका ही शाळेतील अशी एकमेव प्रश्नपत्रिका होती, की जिला भाषेची अडचण जवळजवळ नव्हती. मराठी, गुजराती, कानडी वा उर्दू शाळेतील मुलगा एकाच मोजपट्टीने तपासला जाई. उत्तरपत्रिकेवरील लंबवर्तुळ बरोबर आहे किंवा नाही, एवढेच परीक्षकाला पाहावयाचे होते. ते काढणाऱ्या हाताची जात त्याला दिसत नव्हती. ज्या समाजात शुद्ध बोली, पाठांतर आणि घरातील ग्रंथ ह्यांवर शाळेतील यश अवलंबून होते, तेथे हा लहानसा का होईना, एक मोकळा दरवाजा होता. ‘ओळख नसलेली चित्रकला’ असे जिला आज आपण काहीशा उपहासाने म्हणू, तिने काही मुलांना नकोशा ओळखीपासून तासाभराची सुटका दिली असेल, हा विचार विविधतेच्या आजच्या पुरस्कर्त्यांनी ध्यानी घ्यावा असा आहे.

पण ही सुटका कागदापुरतीच होती. वस्तुचित्राच्या मेजावर घन, शंकू व दंडगोल ह्या लाकडी ठोकळ्यांच्या जोडीला पुढे घरगुती भांडी आली, आणि त्यांत तांब्याला मानाचे स्थान मिळाले. तांब्या ही वस्तुचित्रासाठी फार सोयीची वस्तू आहे. त्याचा काठ, गळा, पोट व बैठक ह्यांची चार निरनिराळी लंबवर्तुळे एका मध्यरेषेवर बसवावयाची आणि पितळेवरील चकाकी कागद कोरा ठेवून दाखवावयाची, ह्यात मुलाच्या डोळ्याची चांगली परीक्षा होते. चित्रशिक्षकाच्या दृष्टीने तांब्या हा एक आकार होता. वर्गाबाहेर तो आकार नव्हता. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या शाळेतील जो अनुभव नोंदवला आहे तो येथे आठवल्याशिवाय राहत नाही. शाळेच्या नळाला त्यांना हात लावता येत नसे; शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानेलेच राहावे लागे. ज्या शाळेत पाण्याच्या भांड्याला कोणी शिवावे ह्याचे नियम जातीने ठरलेले होते, त्याच व्यवस्थेतील दुसऱ्या एका खोलीत तेच भांडे केवळ छायाप्रकाशाचा विषय म्हणून मांडले जात होते. चित्रकलेच्या तासाने वस्तूचा आकार शिकवला आणि वस्तूचा इतिहास मेजाखाली ठेवला. ह्यात कोणा एका शिक्षकाचा दोष नव्हता. विषयाची आखणीच तशी होती.

राष्ट्रीय चळवळीच्या काळात ह्या आखणीला पहिला मोठा धक्का बसला. कलकत्त्याच्या कलाशाळेत १८९६ मध्ये आलेले ई. बी. हॅवेल आणि त्यांच्यानंतर अवनींद्रनाथ ठाकूर ह्यांनी हिंदी चित्रपरंपरेला अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणले, आणि मुंबईत ग्लॅडस्टन सॉलोमन ह्यांनी १९१९ नंतर भित्तिचित्रांचा वर्ग काढून आपल्या पद्धतीने ‘हिंदी’ कलेचे पुनरुज्जीवन आरंभले. कलकत्ता आणि मुंबई ह्यांच्यामधील त्या वेळच्या कलहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच, की दोन्ही पक्षांत ‘हिंदी’ ह्या शब्दाचा अर्थ अजिंठा, राजपूत व मोगल चित्रे आणि पुराणकथा एवढ्यापुरताच मर्यादित राहिला. ठोकळ्याच्या जागी कमळ आले. मुलाला आता ओळख मिळाली, पण ती आधीच तयार होऊन आलेली होती.

ही तयार ओळख किती अपुरी होती ह्याचे उदाहरण गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्यांच्या आयुष्यात सापडते. ते मुंबईच्या कलाशाळेत काही काळ शिकले, तेथून बंगालमध्ये अवनींद्रनाथ व नंदलाल बसू ह्यांच्याकडे गेले, आणि परतल्यावर मेरीमातेला साडी नेसवून गोव्याच्या स्त्रीच्या रूपात रंगवू लागले. गोव्यातील धर्मनिष्ठ मंडळींना हे रुचले नाही. फोन्सेकांना पुण्यातील ख्रिस्ती आश्रमाचा आसरा घ्यावा लागला. एका बाजूला ख्रिस्ती देवतांचे रूप युरोपीयच असले पाहिजे हा आग्रह, दुसऱ्या बाजूला हिंदी कलेचा विषय म्हणजे पुराणे व अजिंठा ही समजूत, ह्या दोहोंमध्ये हिंदी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही असणाऱ्या माणसाला जागा सापडणे कठीण झाले. त्यांची बरीचशी चित्रे आज पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. ‘राष्ट्रीय’ रूपाची चौकट किती रुंद होती हे त्यांच्यासमोर उभे राहून मोजता येते.

अजिंठ्याची गोष्ट तर ह्याहून उद्बोधक आहे. ग्रिफिथ्स ह्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या तेव्हा ती चित्रे अभ्यासाचा नमुना होती. पुढे ती राष्ट्राचा वारसा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांत बुद्धाची प्रतिमा ही प्रत्यक्ष उपासनेची व आत्मसन्मानाची वस्तू झाली. त्या घरांतील मुलाच्या दृष्टीने अजिंठा हे आता पाठ्यपुस्तकातील एक लेणे राहिले नव्हते. वारसा तोच, पण त्याचा वारस बदलला होता. शाळेतील चित्रकलेच्या तासाला ह्या बदलाची वार्ताही पोचली नाही.

४

विदर्भात वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे मात्र एक निराळी वाट चोखाळली गेली. तिचा आरंभ १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात पाहता येतो. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. गांधीजींच्या इच्छेवरून नंदलाल बसू तेथे आले, आणि अधिवेशनाचे नगर बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून, स्थानिक कारागिरांच्या हातांनी उभारले गेले. कमळे रंगवण्यापेक्षा ही निराळी गोष्ट होती. येथे ‘आपले’ काय ह्याचा निर्णय शैलीवरून झाला नाही. त्या गावात कोणते साहित्य मिळते आणि कोणाला कोणते काम येते, ह्यावरून तो झाला. पुढच्याच वर्षी, १९३७ च्या ऑक्टोबरात, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. तिच्या अभ्यासक्रमात चित्रकलेला स्थान होते, आणि तिच्या उद्दिष्टांत आकार व रंग ह्यांचे निरीक्षण, सौंदर्याची जाण ह्यांच्या बरोबरीने, जी वस्तू करावयाची तिचा कामचलाऊ आराखडा काढता येणे हेही एक उद्दिष्ट होते. हा शेवटचा मुद्दा वरवर किरकोळ दिसतो. पण चित्राच्या पुढे एक वस्तू उभी आहे, ती कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे, ही कल्पना साउथ केन्सिंग्टनच्या तेवीस पायऱ्यांत हरवलेली होती. ती येथे परत आली.

सेवाग्रामच्या तालीमी संघाचे काम पाहणारे आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले होते. तेथील कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद (१९२१–२०११) हे १९४४ मध्ये कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत राहिले. शांतिनिकेतनात बंगाली स्त्रियांच्या व्रताची आलपना आधीच शिक्षणात आलेली होती. अवनींद्रनाथांनी १९१९ मध्ये बंगालच्या व्रतांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले होते. घरातील बायकांचे भुईवरचे रेखाटन ही ‘कला’ आहे हे तेथे मान्य झाले होते. देवीप्रसाद स्वतः कुंभारकामात निष्णात. मुलाच्या चित्रावर शिक्षकाने दुरुस्तीची रेघ ओढू नये आणि कलेला वेगळ्या तासात कोंडू नये, ही त्यांची भूमिका होती. आपला अनुभव त्यांनी पुढे ग्रंथरूपाने मांडला; नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच कला हा शिक्षणाचा पाया असल्याचे म्हटले आहे.

ह्याच सुमारास युरोपातून ‘बालचित्रकले’चा विचार आपल्याकडे पोचत होता. व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक ह्यांचे वर्ग, हर्बर्ट रीड ह्यांचा १९४३ चा ग्रंथ, व्हिक्टर लोवेनफेल्ड ह्यांचा १९४७ चा ग्रंथ ह्यांनी मुलाचे चित्र हे प्रौढाच्या चित्राची सदोष आवृत्ती नसून त्याची स्वतंत्र भाषा आहे, हे पटवून दिले. दिल्लीत शंकर ह्यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या बालचित्रस्पर्धेने हा विचार मध्यमवर्गीय घरांत नेला. त्याचे ऋण मोठे आहे. तथापि त्या विचारातील मूल बहुतेक वेळा कोणत्याच गावाचे नसते. त्याचे वय असते, विकासाचा टप्पा असतो. त्याच्या घरी शेणाने सारवलेली भिंत आहे की चुन्याची, त्याला रविवारी चर्चमध्ये जावयाचे आहे की रानात गुरे घेऊन, ह्याला तेथे महत्त्व नाही. देवीप्रसाद ह्यांच्या कामाचे वैशिष्ट्य हे, की ह्या विचारातील मोकळेपणा घेऊनही त्यांनी मुलाला त्याच्या मातीपासून तोडले नाही. माती हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. भट्टीत भाजावयाची ती माती आसपासचीच होती.

सेवाग्रामचा हा प्रयोग इलाख्याच्या, आणि नंतर राज्याच्या, शाळांत पसरला नाही. मूलोद्योग म्हणजे सूतकताई एवढेच बहुतेक ठिकाणी उरले आणि चित्रकला परीक्षेच्या जुन्या रुळावर चालत राहिली. १९६५ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले व रेखाकला परीक्षा त्याच्याकडे आल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन ही त्यांची घडण कायम राहिली. ह्यांतील स्मरणचित्र ह्या नावाविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. नावावरून मुलाने स्वतःच्या आठवणीतले काढावे अशी अपेक्षा दिसते. प्रत्यक्षात बाजार, बसथांबा, गणेशोत्सव, दिवाळी असे रूढ विषय, आणि त्यांसाठी आगाऊ पाठ केलेल्या मानवाकृती : डोक्यावर टोपली घेतलेली बाई, छत्रीवाला म्हातारा, पाठमोरा मुलगा. स्मरण होते ते मार्गदर्शिकेचे. अलीकडे ह्या परीक्षांतील श्रेणीसाठी शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थींच्या दृष्टीने पाठ केलेली आकृती अधिकच भरवशाची झाली आहे. ज्याला ‘सणाचे चित्र’ म्हणताच मोहरम, नाताळ किंवा आंबेडकर जयंती आठवते, त्या मुलाने तेच काढू नये असा नियम कोठेही नाही. पण कोणत्या सणाच्या आकृत्या पाठ करून ठेवल्या म्हणजे गुण मिळतात हे त्या मुलालाही ठाऊक असते. वगळण्यासाठी नियम लागतोच असे नाही.

५

आता ज्या प्रदेशात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तिकडे वळू. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचा डहाणू-तलासरीचा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. ताराबाई मोडक १९४५ मध्ये ह्या भागातील बोर्डी येथे आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये त्यांचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा गुरांच्या मागे कुरणात न्यावी, ह्या विचारातून त्यांनी कुरणशाळा काढल्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती आणि ती मुलांना परकीही होती. म्हणून बिया, शंखशिंपले, पाने, माती ह्यांपासून साधने तयार झाली. ताराबाईंच्या कार्याचा विचार बहुधा बालशिक्षणाच्या सदरात होतो. वस्तू कोठून येते ह्याला त्यांनी दिलेले महत्त्व पाहता कलाशिक्षणाच्या इतिहासातही त्यांना जागा मिळावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ज्या पाड्यांतून ही मुले येत, तेथील घरांच्या भिंतींवर वारली स्त्रिया लग्नाच्या वेळी चौक लिहीत. गेरूच्या किंवा शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने हे लेखन होते. मधल्या चौकटीत पालघट देवी, लहान देवचौकात पंचशिऱ्या, चौकटीच्या नक्षीच्या रांगांवर रांगा. ते काढण्याचा अधिकार सवाशिणींचा, आणि विधी सांगणारी धवलेरीही स्त्रीच. लग्नाचा प्रसंग नसेल तर चौक नाही. वारली चित्रांतील माणसे, झाडे, पक्षी, तारपा नाच ह्यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. पण त्या भिंतीवर केंद्र होते ते देवीच्या चौकाचे, बाकीचे जग त्याच्या भोवती होते.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी ह्यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात झाले; पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदाबरोबर दोन गोष्टी बदलल्या. पुरुष चित्रे काढू लागले, आणि प्रसंगाचे बंधन सुटले. ह्यामुळे कलेचा ऱ्हास झाला असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. म्हसे ह्यांच्या चित्रांतील मासेमारीचे जाळे किंवा मुंग्यांचे वारूळ ज्याने पाहिले आहे त्याला ऱ्हास हा शब्द सुचणार नाही. एका समाजाने आपल्या हाताने केलेला तो बदल होता, आणि त्यातून त्याला उत्पन्न व मान दोन्ही मिळाले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

शाळेत ही कला आली ती मात्र तिसऱ्याच रूपाने. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड, वर एक वर्तुळ की डोके, चार रेघांचे हातपाय, अशी तिची कृती बनली. ‘वारली शैलीत चित्र काढा’ हा गृहपाठ आज पुण्यामुंबईच्या शाळांत सर्रास दिला जातो आणि मुले तो आनंदाने करतात. आदिवासींच्या कलेविषयी आदर निर्माण व्हावा हा त्यामागील हेतू प्रामाणिक आहे. परंतु पद्धत पाहिली की एकोणिसावे शतक आठवते. नक्षीघटक घ्यावा, त्याची भूमिती काढावी, तो साच्यात बसवावा, आणि कोणाच्या घरी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या बाईने काढला हे सोडून द्यावे. जोन्स ह्यांना हा गृहपाठ पसंत पडला असता.

पालघरच्या शाळेतील वारली मुलाच्या वहीत हा धडा येतो तेव्हा काय होते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याची आजी जे करते ते त्याला पुस्तकातील कृतीप्रमाणे करावयाचे असते, आणि तपासणारा शिक्षक बहुधा बाहेरचा असतो. शेजारच्या बाकावरील कातकरी किंवा मल्हार कोळी मुलालाही तोच धडा असतो. जणू आदिवासी म्हटले की वारली. एखाद्या मुलाला वारली म्हणून ओळखले जाणे नको असेल, त्याला मोटारसायकल काढावयाची असेल, तर विविधतेच्या ह्या पाठात त्याला जागा कोठे आहे? पूर्वी शाळेने त्याच्या घरची भिंत पाहिलीच नाही. आता ती त्याला त्या भिंतीपाशी उभे करून ठेवते. साताऱ्याच्या शाळेतील मुलाला स्वतःची ओळख शाळेने विसरावी असे वाटण्यास सबळ कारण होते, हे लक्षात ठेवले तर ‘आपल्या संस्कृतीचे चित्र काढा’ ही सूचना सर्व मुलांना सारख्याच प्रेमाने ऐकू येत नसेल हे कळते. दलित मुलाला ती कशी ऐकू येते ह्याचा शोध महाराष्ट्रातील शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घेण्याजोगा आहे.

सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र गात-सांगत पुढे नेतात. तेथे चित्र एकटे नसते. आवाज, वाद्य आणि ऐकणारे लोक ह्यांच्यासह ते पुरे होते. अशा कलावंताला शाळेत बोलवावे हे २०२० च्या धोरणाचे म्हणणे योग्यच आहे. पण त्याला पस्तीस मिनिटांच्या तासात आकृतीचे वळण दाखवण्यापुरते बोलवले, तर पोथी बंदच राहील. त्याने मुलांना कथा सांगितली आणि मुलांनी आपापल्या घरच्या कथांची चित्रे, त्यांना येतील तशी, काढली, तर काहीतरी निराळे घडेल. सेवाग्रामच्या कुंभारकामाचा आणि कोसबाडच्या शंखशिंपल्यांचा ह्या कल्पनेशी संबंध आहे : तिन्ही ठिकाणी प्रसंग व साहित्य आधी येते, शैली मागाहून, आणि येईलच असेही नाही.

परीक्षेत ह्याला गुण कसे द्यावयाचे, ही चित्रशिक्षकांची अडचण खरी आहे. लंबवर्तुळ तपासता येते. आठवण तपासता येत नाही. परंतु वस्तुचित्राच्या मेजावर काय ठेवावे हे ठरवण्याचा अधिकार एखाद्या दिवशी वर्गाला देण्यास कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी नाही. कोणी तांब्या आणील, कोणी कोयता, कोणी बापाचे गवंडीकामाचे ओळंबे, कोणी प्लास्टिकची बाटली. रेखाटनाचे नियम तेच राहतील. वस्तू कोणाची ह्याची चर्चा मात्र चित्र काढण्यापूर्वी होईल, आणि ज्याला आपल्या घरची वस्तू दाखवावयाची नसेल त्याने दुसऱ्याची काढावी.

जिल्हा परिषदांच्या शाळांत अलीकडे ‘बोलक्या भिंती’ रंगवण्याची प्रथा पडली आहे. पाढे, बाराखडी, नकाशा ह्यांच्या शेजारी गेरूच्या रंगाच्या पट्ट्यावर पांढऱ्या वारली आकृतींचा तारपा नाच बहुतेक ठिकाणी दिसतो; सोलापूर वा नगरकडेही दिसतो. तो तैलरंगात असतो, म्हणजे पुष्कळ वर्षे टिकतो, आणि बहुधा कंत्राटी रंगाऱ्याने काढलेला असतो. त्यात नाचणारे असतात, तारपा वाजवणारा असतो, झाडे असतात, कोंबड्याही असतात. चौक मात्र नसतो.